वाचनालयात कोहा बसवायचंय : आधी कोऱ्या मशीनवर चाचणी करावी का, आणि नोंदी कशा ठेवाव्यात?

ग्रंथघर
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी आहे. क वर्ग, सात-आठ हजार पुस्तकं, जाडजूड दाखल नोंद रजिस्टरं आणि एकच संगणक. अनुदानाचे कागद, हिशेब, पत्रव्यवहार, सगळं त्या एकावरच चालतं. आता देवघेव संगणकावर घ्यावी म्हणून कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बघतोय. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयात २००० सालच्या जानेवारीत ते पहिल्यांदा चालू झालं. मुक्त स्रोत आहे, परवान्याचा खर्च नाही.

गावच्या पतसंस्थेने एक जुना डेस्कटॉप दिलाय. ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. तो पूर्ण पुसायचा, डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकायचं, कोहा आधी तिथे उभं करायचं आणि प्रत्येक पायरी लिहून ठेवायची. मग पुन्हा पुसून, नुसत्या त्या नोंदींवरून सगळं परत उभं करायचं, असा बेत आहे. कार्यकारिणीतल्या काही जणांना यात वेळ वाया जातोय असं वाटतं. "आहे त्याच संगणकावर टाका, अडलं तर बघू" असं त्यांचं म्हणणं.

माझं मत असं की दुसऱ्या माणसाला मला फोन न करता, फक्त माझा कागद वाचून, कोऱ्या मशीनवर तेच उभं करता आलं पाहिजे. तोवर चाचणी झाली असं मी मानणार नाही. तुम्ही कसं करता? नोंदी कुठल्या रूपात ठेवता?

सिस्टिमवाला
बेत बरोबर आहे, बदलू नका. कार्यकारिणीला पहिल्यांदा हे सांगा की कोहाला लिनक्स लागतं. वाचनालयाचा संगणक विंडोजवर असणार. म्हणजे "आहे त्याच संगणकावर टाका" म्हणताना ते अनुदानाचे कागद असलेल्या डिस्कचे भाग पाडायला सांगत आहेत. हे कळलं की निम्मा विरोध मावळेल.

कोरं मशीन का, तर कोहा एकटं येत नाही. त्याच्याबरोबर अपाचे हा वेब सर्वर, मारियाडीबी हा डेटाबेस, शोधासाठी झेब्रा, मेमकॅश्ड आणि पर्ल भाषेच्या मॉड्यूलांची लांबलचक रांग येते. वापरातल्या मशीनवर यातलं काहीतरी आधीच बसलेलं असतं. मग ती पायरी तुम्हाला करावीच लागत नाही, म्हणून ती नोंदीत येत नाही. पुढच्या माणसाचं मशीन नेमकं तिथेच अडतं आणि तुम्हाला कारण सांगता येत नाही, कारण तुमच्याकडे ते कधी अडलंच नव्हतं.

सुरुवात करण्याआधी बघायच्या गोष्टी: मशीन ६४-बिट आहे ना? डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच उरलेला नाही. रॅमवर मेमटेस्ट रात्रभर चालवा. स्मार्टसीटीएल या कमांडने डिस्कच्या तब्येतीचा अहवाल काढा आणि रिअलोकेटेड व पेंडिंग सेक्टरचे, म्हणजे खराब झालेल्या किंवा संशयित भागांचे, आकडे बघा. ते शून्य नसतील तर ती डिस्क चाचणीलाही नको. दोष सॉफ्टवेअरचा की डिस्कचा, याच घोळात आठवडा जातो.

आणि मशीन पतसंस्थेचं आहे म्हणता, तर नुसतं फॉरमॅट करू नका. अख्खी डिस्क शून्यांनी भरून पुसा. त्यावर खातेदारांची माहिती असू शकते.

अकोटचा_भाऊ
राजेहो, ग्रंथघर भाऊ बराबर सांगू रायले. आमच्या इकडं एका केंद्रावर पोट्ट्यानं चालत्या मशीनवरच नवीन सर्वर टाकून पायला. सकाई दाखल्यासाठी माणसायची लाईन लागली अन् मशीन काई उघडेच ना. आता तो पोट्टा काईबी नवीन टाकाचं म्हटलं की पयले जुनं मशीन शोधते.

कपाशी
कार्यकारिणीला पटवायचं तर त्यांच्याच भाषेत सांगा. सोयाबीन पेरायच्या आधी आपण घरीच उगवण तपासतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचं आणि सत्तर किंवा जास्त उगवले तरच ते बियाणं वावरात न्यायचं. तिथे कोणी म्हणत नाही की वेळ वाया जातो. वावर एकदा पेरलं की ते परत घेता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ग्रंथघर
@कपाशी, हे तसंच्या तसं बैठकीत सांगतो. आमच्याकडे अध्यक्षांपासून सगळे शेतकरीच आहेत.

टर्मिनल
एवढा खटाटोप नको. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, त्यात डेबियन बसवा आणि स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जतन केलेली स्थिती, घ्या. बिघडलं की मागे जा. दिवसातून हवं तितक्या वेळा कोरं मशीन मिळतं. डॉकर (सॉफ्टवेअर त्याला लागणाऱ्या सगळ्यासकट एका डब्यात चालवायचं साधन) वापरलं तर आणखी सोपं, कारण सगळी मांडणी एका फाइलमध्ये लिहिलेली असते आणि तीच तुमची नोंद. पतसंस्थेचं जुनं धूड साफ करत बसायची गरज काय?

शाईपेन
टर्मिनल यांच्याशी अर्धी सहमत. मी हिंगणघाटच्या बाजूला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. नोंदींचा पहिला खर्डा करायला आभासी मशीन उत्तमच. एकेक पायरी करून बघता येते, मागे जाता येतं, कमांडचं उत्तर हुबेहूब उतरवून घेता येतं.

पण खऱ्या मशीनवर जे घडतं ते त्यात दिसत नाही. नेटवर्क कार्डाला फर्मवेअर मिळतं का, वीज गेल्यावर मशीन आपोआप चालू होतं का, जुन्या डिस्कवर सात हजार पुस्तकांची शोधासाठीची अनुक्रमणी बनायला किती वेळ लागतो, हे लॅपटॉपच्या आतलं मशीन सांगणार नाही. गावच्या वाचनालयात हेच प्रश्न पहिले येतात.

डॉकरबद्दल म्हणाल तर ग्रंथघर यांच्यानंतर जे कोणी हे सांभाळेल त्याला आधी डॉकर शिकावं लागेल. डेबियनची पॅकेजं वापरली तर शिकायचं निम्म्याने कमी होतं.

टर्मिनल
डॉकरचा मुद्दा मान्य, छोट्या वाचनालयाला ते जड आहे. स्नॅपशॉटचा मुद्दा मात्र सोडत नाही. ज्याला दर वेळी डेबियन बसवण्यात दुपार घालवावी लागते तो पुसून पुन्हा करायचा कंटाळा करतो आणि मग नोंद तपासलीच जात नाही.

मेळघाट_मित्र
धारणी तालुक्यात शिक्षक आहे. शाळेत मुलांसाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर कोलिब्री हे शिकण्याचं सॉफ्टवेअर चालवतो. त्यातले व्हिडिओ आणि सराव इंटरनेट नसतानाही वर्गातल्या टॅबवर उघडतात, म्हणून आमच्यासाठी ते फार मोलाचं आहे.

चाचणीत एक गोष्ट हमखास घाला: काम चालू असताना प्लग उपटून बघा. आमच्याकडे वीज कधीही जाते. पायचं मेमरी कार्ड लिहिणं चालू असताना वीज गेली की कधीकधी फाइल सिस्टिमच खराब होते. हे कोऱ्या, रिकाम्या मशीनवर आधी कळलेलं बरं. मुलांची प्रगती त्यात साठल्यावर कळलं तर फार उशीर झालेला असतो. आता कार्डाऐवजी यूएसबीची एसएसडी लावली आहे आणि मागे छोटा यूपीएस आहे.

सिस्टिमवाला
प्लग उपटायची चाचणी मी प्रत्येक नोंदवहीत लिहितो. डेस्कटॉपसाठी थोडी भर घालतो.

बायोसमध्ये "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" अशा अर्थाचा पर्याय असतो, तो "ऑन" करा. वीज आली की मशीन स्वतः उठेल, सकाळी ग्रंथपालाला बटण शोधावं लागणार नाही. जुन्या मशीनची सीआर २०३२ बॅटरी तेव्हाच बदला. ती संपलेली असली की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि बायोसचे पर्यायही पुसले जातात. घड्याळ मागे असलं की ॲप्ट (डेबियनमध्ये पॅकेजं उतरवून बसवणारं साधन) "रिलीज फाइल अजून वैध नाही" म्हणत अडून बसतं आणि ब्राउझर प्रमाणपत्राची तक्रार करतो. कारण तीन व्होल्टच्या सेलमध्ये असतं आणि माणूस सॉफ्टवेअरमध्ये शोधत राहतो. नेट असलं तर डेबियन वेळ आपोआप जुळवून घेतं, पण गावात वीज आणि नेट बरोबरच येतील याची खात्री नसते.

मारियाडीबी अचानक बंद पडलं तरी स्वतःला सावरतं. पण इनोडीबीचा (मारियाडीबीतला माहिती साठवणारा भाग) "फ्लश लॉग ॲट ट्रान्झॅक्शन कमिट" हा पर्याय १ वरच राहू द्या, मुळात तो १ च असतो. वेग वाढवायला तो २ करा असे सल्ले खूप फिरतात. तसं केलं तर वीज गेल्याक्षणी शेवटच्या काही नोंदी हरवू शकतात. देवघेवीत हरवलेली नोंद म्हणजे हरवलेलं पुस्तक.

अकोटचा_भाऊ
अन् उन्हायाचं काय? मे महिन्यात आमच्याकडं ४५ च्या वर पारा जाते. मशीन ठेवाचं कुठं?

कपाशी
कूलरसमोर नको एवढं नक्की. ओली हवा आणि धूळ दोन्ही आत जातात. गाव जिनिंगजवळ असेल तर कापसाचा तंतू पंख्यात जाऊन बसतो तो वेगळाच.

सिस्टिमवाला
बरोबर. भिंतीपासून जरा दूर, जमिनीपासून वर, कूलरच्या झोतात नाही. पंखा साफ करून प्रोसेसरची पेस्ट बदला. मग एलएम-सेन्सर्स टाकून भर दुपारी, अनुक्रमणी बनत असताना, तापमान किती जातं ते नोंदवा. त्या आकड्यापुढे तारीख आणि वेळ लिहा. जानेवारीतलं तापमान बघून मेबद्दल काही सांगता येत नाही.

आडनाव_नाही
सगळं वाचतोय. मला एक विचारायचं आहे आणि ते मनापासून आहे. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या वाचनालयात पन्नासहून जास्त वर्षांची रजिस्टरं शाबूत आहेत. वीज नसली तरी उघडतात, कोणालाही वाचता येतात. हा सर्वर तुम्ही उत्साहाने उभा कराल. उद्या तुमची बदली झाली, मुलाकडे राहायला गेलात, तर? ज्या गावात दुरुस्तीला माणूस मिळत नाही तिथे असली गोष्ट उभी करणं योग्य आहे का?

ग्रंथघर
@आडनाव_नाही, याच भीतीपोटी मी हा धागा काढला. दाखल नोंद रजिस्टर आम्ही बंद करणार नाही. मूळ नोंद तिथेच राहील. संगणकावर येईल ती देवघेव आणि शोध. आज एखाद्या मुलीने लेखकाचं नाव सांगितलं तर ग्रंथपालांना कपाटं हिंडावी लागतात.

आणि मी गेल्यावर काय, याचं उत्तर नोंदी. म्हणून तर त्या दुसऱ्याच्या हातून तपासून घ्यायच्या आहेत. माझ्या डोक्यात असलेलं काहीही गृहीत धरायचं नाही.

आडनाव_नाही
रजिस्टर चालू ठेवणार असाल तर माझा निम्मा आक्षेप मागे. उरलेला निम्मा आहे. लिहिलेल्या नोंदीही जुन्या होतात.

शाईपेन
तो मुद्दा महत्त्वाचा आहे, त्यावर शेवटी येते. आधी अशी एक गोष्ट, जी इंग्रजीतल्या कुठल्याच मार्गदर्शिकेत तुम्हाला पुरेशी मिळणार नाही. ती म्हणजे मराठी शोध. चाचणी मशीनवर सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या.

कोहा बसतं, पुस्तक नोंदवता येतं, मराठी शीर्षक पडद्यावर झकास दिसतं आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. दिसणं आणि सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झेब्राची मूळ मांडणी रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. देवनागरीसाठी त्याला आयसीयूवर, म्हणजे युनिकोड मजकूर हाताळणाऱ्या घटकावर, न्यावं लागतं. झेब्राच्या डिफॉल्ट डॉट आयडीएक्स या फाइलमध्ये "चारमॅप"च्या ओळी बंद करून त्या जागी "आयसीयूचेन"च्या ओळी घालायच्या आणि मग कोहा-रिबिल्ड-झेब्रा चालवून सगळी अनुक्रमणी नव्याने बांधायची. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून कुठली ओळ बदलली ते नोंदीत लिहा. पुढे अपग्रेड करताना डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) विचारेल की तुमची बदललेली फाइल ठेवू की नवी आणू. तिथे न वाचता "नवी" म्हटलं की मराठी शोध गेलाच.

पुढचा सापळा आयसीयूच्या साखळीतच आहे. त्या फाइलमध्ये "नॉनस्पेसिंग मार्क" काढून टाकणारी ओळ असली तर युरोपीय भाषांना ती सोयीची असते, कारण अक्षरांवरची चिन्हं निघून शोध सैल होतो. देवनागरीत मात्र उकार, ऊकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे युनिकोडच्या हिशेबाने त्याच वर्गात पडतात. काना आणि वेलांटी दुसऱ्या वर्गात, म्हणून ती टिकतात. मग "मूळ", "मेळ" आणि "मळ" एकच होऊन बसतात. तुम्ही "मेळघाट" शोधलंत आणि यादी भलतीकडे गेली तर आधी ही ओळ बघा. ती ओळ काढायची.

आता आपल्या जवळचा प्रश्न. "वऱ्हाड" हा शब्द किमान दोन प्रकारे टंकला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला पूर्ण वेगळे. "ॲ"चंही तसंच. त्याला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र स्थान मिळालं, त्याआधीचा आणि आजही चालणारा प्रकार म्हणजे अ वर चंद्र. एका ग्रंथपालाने एका कळफलकावर नोंद केली, दुसऱ्याने मोबाईलवरून शोधलं, की पुस्तक कपाटात असून "सापडलं नाही" येतं. विदर्भातल्या वाचनालयात "वऱ्हाड" शोधून पुस्तक मिळू नये, हे मला तरी सहन होत नाही.

म्हणून चाचणीसाठी खोट्या नोंदींची एक छोटी यादी करा. वऱ्हाड, तऱ्हा, ऱ्हास दोन्ही प्रकारे टंकलेले. ॲ दोन्ही प्रकारे. ळ असलेले शब्द, ज्ञ आणि क्ष असलेले, अनुस्वाराचे, ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्या. प्रत्येक शब्दापुढे लिहा: काय शोधलं, काय मिळायला हवं, काय मिळालं. हा कागद जपून ठेवा. प्रत्येक अपग्रेडनंतर तोच कागद घेऊन बसायचं.

ग्रंथघर
शाईपेन ताई, ही माहिती माझ्यासाठी सोन्यासारखी आहे. आमची जुनी यादी एक्सेलमध्ये आहे, पण ती युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली. फाँट बदलला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. ती आधी रूपांतरित करायची की कोहात नेल्यावर?

शाईपेन
आधीच. कोहाच्या बाहेर, आणि रूपांतर झाल्यावर डोळ्यांनी तपासून. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, प्रत्येकाचा नकाशा वेगळा आहे, म्हणून फाइल कुठल्या फाँटची ते आधी पक्कं करा. रूपांतरात सर्वात जास्त मार रफार आणि पहिल्या वेलांटीला बसतो. त्याच वेळी सगळीकडे ऱ चा एकच प्रकार करून टाका.

चाचणीत सभासदांची खरी नावं, मोबाईल नंबर, आधार वगैरे घालू नका. कोऱ्या मशीनवर पासवर्ड सोपे असतात, कोणीही येऊन बसतं. खोटे सभासद पुरतात.

ग्रंथघर
नेटचा प्रश्न: मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सगळं चालणार. पुसून पुन्हा बसवायचं म्हटलं तर दर वेळी तेवढा डेटा उतरवावा लागेल.

टर्मिनल
लॅपटॉपवर लिनक्स आहे का? असेल तर त्यावर ॲप्ट-कॅशर-एनजी टाका. ते ३१४२ पोर्टवर ऐकतं. चाचणी मशीनला प्रॉक्सी म्हणून लॅपटॉपचा पत्ता द्या. पॅकेजं एकदा उतरली की पुढच्या वेळी लॅपटॉपवरूनच येतात. आणि हे नोंदीत वेगळ्या पानावर लिहा, कारण पुढच्या माणसाकडे हा लॅपटॉप नसेल.

मेळघाट_मित्र
डेबियनची आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) उतरल्यावर तिची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइल अख्खी आहे का हे सांगणारा आकडा, जुळवून बघा. हॉटस्पॉटवर मोठी फाइल अर्धवट उतरते आणि कळत नाही. बेरीजही नोंदीत लिहा.

आडनाव_नाही
नोंदी जुन्या होतात त्याबद्दल कोणी बोललं नाही अजून.

सिस्टिमवाला
बोलतो. कोहाची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, मे आणि नोव्हेंबरमध्ये. आवृत्तीचा क्रमांकच वर्ष आणि महिन्याचा असतो, २४.०५, २४.११ असा. ॲप्टच्या यादीत तुम्ही "स्टेबल" लिहिलंत तर सहा महिन्यांनी त्याच नोंदीवरून वेगळीच आवृत्ती बसते आणि पडदे जुळत नाहीत. म्हणून "स्टेबल"ऐवजी आवृत्तीचा क्रमांक लिहा. नोंदीच्या पहिल्या पानावर डेबियनची आवृत्ती, कोहाची आवृत्ती, मशीनचा तपशील आणि तपासल्याची तारीख. तपासणाऱ्याचं नाव वेगळं, लिहिणाऱ्याचं वेगळं.

रूपाबद्दल. स्पष्टीकरण मराठीत लिहा. इथे आपण सगळं देवनागरीत बोलतोय, पण कमांड नोंदीत रोमनमध्ये, जशी टंकली तशी हुबेहूब. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, वर्डमध्ये नाही. वर्ड दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करून टाकतो आणि सरळ अवतरणचिन्हं वळवतो. कोहा-क्रिएटला "क्रिएट-डीबी" हा पर्याय दोन रेघांनी द्यावा लागतो. कागदावर एक लांब रेघ दिसली की पुढचा माणूस तीच टंकणार आणि कमांड नाही म्हणणार.

प्रत्येक पायरीला तीन गोष्टी: काय टंकायचं, का, आणि झाल्यावर पडद्यावर काय दिसायला हवं. तिसरी बहुतेक जण सोडतात. वाचणाऱ्याला आपण वाटेवर आहोत का हे फक्त तिच्यावरून कळतं.

स्मरणावर विसंबू नका. "स्क्रिप्ट" नावाची कमांड सुरुवातीलाच चालवा, टर्मिनलमधलं सगळं ती फाइलमध्ये उतरवते. ईटीसीकीपर टाकलं तर ईटीसी फोल्डरमधला प्रत्येक बदल गिटमध्ये नोंदला जातो. लिहायचं राहून गेलेलं त्यात सापडतं. फक्त त्यात पासवर्डही जातात, म्हणून ते जसंच्या तसं कोणाला देऊ नका.

अकोटचा_भाऊ
अन् छापून ठेवा भाऊ. सर्वर बंद पडला अन् नोंदी सर्वरमंदीच असल्या तर कायले कामाच्या?

ग्रंथघर
बऱ्याच दिवसांनी येतोय, पण काम झालं म्हणून सांगायला आलो. कार्यकारिणीने परवानगी दिली, गोणपाटाच्या उगवणीने काम केलं.

मशीन पुसलं, डिस्क तपासली, सेल बदलला. पहिली उभारणी स्क्रिप्टसकट केली, नोंदी लिहिल्या, छापल्या. मग मशीन पुन्हा पुसलं आणि गावातल्या एका मुलीला बसवलं. आयटीआयमधून कोपा (संगणक चालवण्याचा अभ्यासक्रम) केलेली आहे, लिनक्स कधी पाहिलेलं नव्हतं. मी मागे बसलो आणि काही बोलायचं नाही असं ठरवलं. कुठे थांबते तेवढं लिहून घेतलं.

ती जिथे थांबली ती ठिकाणं अशी. नॅनो या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये फाइल जतन करून बाहेर कसं पडायचं हे नोंदीत नव्हतं. अपाचेच्या पोर्ट्स फाइलमध्ये "लिसन ८०८०" ही ओळ होती, पण ती घातल्यावर अपाचे पुन्हा चालू करायचं हे पुढच्या पानावर गेलं होतं. त्यामुळे वाचकांचं पान उघडत होतं आणि कर्मचाऱ्यांचं उघडत नव्हतं. वेब इन्स्टॉलर नाव-पासवर्ड मागतो तेव्हा कोहा-पासडब्ल्यूडी या कमांडने तो मिळतो, हे लिहिलं होतं. पण ती कमांड टर्मिनलमध्ये द्यायची आणि पासवर्ड ब्राउझरमध्ये भरायचा, हे तिला स्पष्ट झालं नाही. मार्क-२१ की युनिमार्क (पुस्तकांच्या नोंदी ठेवायच्या दोन पद्धती) हा प्रश्न आला तेव्हा तिने विचारलं, "हे नंतर बदलता येतं का?" हा प्रश्न नोंदीत असायलाच हवा. नंतर बदलणं फार अवघड, म्हणून तिथे ठळक अक्षरांत लिहिलं की मार्क-२१ निवडूनच पुढे जा.

मग तिनेच प्लग उपटला. वीज आली, मशीन आपोआप उठलं, नोंदवलेली पुस्तकं जागेवर होती. "वऱ्हाड" आता दोन्ही प्रकारे सापडतं, कारण रूपांतरातच एक प्रकार केला आणि आयसीयूच्या साखळीत दुसऱ्याचा पहिला करणारी ओळ घातली. नोंदी तिच्या शब्दांत सुधारून घेतल्या आहेत आणि पहिल्या पानावर तपासणारी म्हणून तिचं नाव आहे.

शाईपेन
फार आनंद झाला. बॅकअप परत भरून पाहिलात का? कोहा-डंप रोज चालतं याचा अर्थ कोहा-रिस्टोअर चालेल असा नाही. डंपच्या दोन फाइली असतात, एक डेटाबेसची आणि एक मांडणीची, दोन्ही लागतात.

ग्रंथघर
या आठवड्यात तेच. तिसऱ्यांदा पुसून, डंपच्या दोन फाइली पेनड्राइव्हवर आणि छापील नोंदी, एवढ्यावरच.

आडनाव_नाही
त्या छापील नोंदी मला मिळतील का? आमच्याकडे शाळेतून बाद झालेला एक संगणक पडून आहे. सर्वर उभा करायचं अजून ठरलेलं नाही. पण दुसऱ्या गावात, तुमच्यापैकी कोणी जवळ नसताना, त्या कागदांवर काम होतं का, ते मला बघायचं आहे.

ग्रंथघर
नक्की. पासवर्ड आणि आमच्या नेटवर्कचे पत्ते काढून रविवारपर्यंत पाठवतो. तुम्ही जिथे थांबाल ते कागदाच्या समासात लिहा आणि तोच कागद मला परत पाठवा.

सिस्टिमवाला
आणि पतसंस्थेचं ते मशीन आता कोणाला देऊन टाकू नका. खरा सर्वर दुसऱ्या मशीनवर जाईल तेव्हा हे चाचणीलाच राहू द्या. पुढची आवृत्ती आधी त्यावर, शाईपेन ताईंची शब्दांची यादी घेऊन.